तांबेरा पिकावरचा आणि गंज गाडीवरचा



उसाच्या पानावर तांबूस पुळ्या दिसल्या, की आपले शेतकरी पान खुडून गट कार्यालयात येतात आणि विचारतात, "साहेब, हा तांबेराच ना?" पण त्यांच्याच दारातल्या जीपला दरवाजाखाली तसाच तांबूस डाग दोन पावसाळे पडलेला असतो, त्याकडे कोणी बघत नाही. म्हणून या अंकात पिकाऐवजी गाडीविषयी लिहीत आहोत.

पिकावरचा तांबेरा ही बुरशी आहे. ती वाऱ्याने एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. लोखंडाचा गंज तसा नाही. तो म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांचा संयोग. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातला खनिज दगड म्हणजे लोखंड व प्राणवायू एकत्र झालेलेच रूप. भट्टीत ते वेगळे करून पोलाद बनते आणि गंजताना ते पुन्हा आपल्या जुन्या रूपाकडे निघते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग फुगतो. फुगलेल्या रंगाखाली पाणी साचते आणि डाग आतल्या आत पसरतो. वरून रुपयाएवढा दिसला, तरी आत तळहाताएवढा असू शकतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत गंजाला खतपाणी भरपूर मिळते. पाऊस दांडगा, रानातली हवा दमट. मुरमाच्या रस्त्यावर खडे उडून रंगाचे टवके जातात. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस पट्ट्यात कोळशाची धूळ व धूर आहे. धुरातला गंधकाचा वायू ओलाव्यात मिसळला की आम्ल होते. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधीतल्या चिखलातून निघतो, तो तसाच उभा राहतो. ट्रॉलीतून पोटॅशची पोती आणली, की सांडलेले खत मिठासारखेच पत्रा खाते. खत उतरवल्यावर ट्रॉली धुऊन काढावी, हा पहिला आणि फुकटचा उपाय.

डाग लहान असेल, तर दुरुस्ती घरीच होते. मृगाच्या आधी, कोरड्या दिवशी करावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तापलेल्या पत्र्यावर रंग लावू नये. सकाळी, सावलीत काम करावे.

प्रथम गाडी धुऊन पूर्ण वाळवावी. फुगलेला रंग तारेच्या ब्रशने काढावा. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावे. डागाच्या कडेचा चांगला रंगही थोडा घासून उतरता करावा, म्हणजे जोड दिसत नाही. शेवटी २२० व ४०० नंबरचा पेपर फिरवावा. खड्ड्यात गंज उरलाच, तर फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक हातमोजे घालून लावावे व डब्यावरील सूचनेप्रमाणे वाळू द्यावे. मग थिनरच्या फडक्याने पुसावे. त्या वेळी जवळ बिडी पेटवू नका, राव.

आता प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत. ट्रॉलीला रेड ऑक्साईड चालते. उघडा पत्रा रात्रभर तसा ठेवू नये, दमट हवेत सकाळी पुन्हा तांबूस होतो. खड्डा राहिला तर पुट्टी भरून घासावी व पुन्हा प्रायमर द्यावे. नंतर गाडीच्या पाटीवरील रंगाचा क्रमांक दाखवून आणलेला रंग पातळ थरांनी लावावा. एकाच जाड हाताने ओघळ येतात. शेवटी क्लिअर लॅकर लावावे. चांगले वाळल्यावर २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा आणि रबिंगने चकाकी आणावी. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो घासताना तोंडाला मास्क लावावा आणि लेकरे दूर ठेवावीत.

दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघायची लहान भोके असतात. ती चिखलाने बुजतात व दरवाजा आतून सडतो. काडीने ती मोकळी करावीत. पायाखालचे रबरी मॅट उचलून खालचा ओलावा वाळवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने डाग टोचून बघा. टोक आत गेले, पापुद्रे निघाले, तर तिथे रंगाचे काम नाही, वेल्डिंगवाल्याचे आहे. चेसिस, ट्रॉलीची दांडी, हुक, सीटखालचा पत्रा या ठिकाणी तर मुळीच रंग फासून समाधान मानू नये. हुमणीने मूळ खाल्लेल्या उसाला वरून कितीही खत द्या, तो उभा राहत नाही. गंजलेल्या दांडीवर रंग लावला, तर ती शाबूत दिसते, आणि दिसते म्हणूनच आपण तिच्या भरवशावर भरली ट्रॉली उतारावर नेतो. मागे माणसे बसलेली असतात.

आलापल्लीच्या पुढे, रानातल्या एखाद्या गावात एकच चारचाकी असते. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे, तर तीच. नाल्याच्या पाण्यातून जाताना तिचा तळ शाबूत हवा. तेव्हा गाडीचे रूप राखणे ही हौस असेल, पण गंज वेळेवर काढणे हे कर्तव्य आहे.

मृग लागण्यापूर्वी एक सकाळ काढा. गाडीखाली वाकून बघा, खडूने डागांवर खुणा करा. लहान डाग घरी, मोठे डाग वर्कशॉपमध्ये, आणि दांडी-हुकाचे काम त्याच आठवड्यात, एवढे केले तरी पुरे.