समुद्रकिनारा कसा निवडावा?



सुट्टी जवळ आली कीं विश्रांतवाडींतील आमची शेजारची मंडळी मला विचारतात, "गुरुजी, मुलांना समुद्र दाखवावयाचा आहे, चांगला किनारा कोणता?" बहुतेकांच्या डोळ्यांपुढें कॅरिबियन बेटांचीं चित्रें असतात. वाळू पांढरी आणि पाणी निळें असलें, कीं किनारा उत्तम, असें त्यांनीं ठरवून टाकलेलें असतें.

परंतु तें माप कोंकणास लावतां येत नाहीं. कॅरिबियन समुद्रांत भरती व ओहोटी यांच्या पातळींतील फरक बहुतेक ठिकाणीं हातभरहि नसतो. सकाळीं पाहिलेला किनारा सायंकाळीं जवळजवळ तसाच भेटतो. आपल्याकडे मुंबईनजीक उधाणाच्या दिवशीं हाच फरक सुमारें ५ मीटरांपर्यंत जातो. दक्षिणेस गोव्याकडे तो कमी होत जातो. म्हणजे आपला किनारा दिवसांतून अनेकदां रूप पालटतो. म्हणून त्याचें सौंदर्य पाहण्यापूर्वीं वेळ पाहिली पाहिजे.

हा धडा मी फजितींतून शिकलों. सुमारें ३० वर्षांपूर्वीं मी ४० मुलांची सहल घेऊन हरिहरेश्वरास गेलों होतों. तेथील प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या खिंडींतून पायऱ्यांनीं खडकांवर उतरते व पाण्याच्या काठाकाठानें देवळाकडे वळते. ती ओहोटींतच चालावयाची असते. आम्ही खडकांवर उतरलों, तों पाणी चढूं लागलें होतें. कालवें काढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनें मला हटकलें, "मास्तर, आज तीथ कोणती?" मला सांगतां आली नाहीं. तिनेंच मुलांना मागें फिरविलें. थोड्या वेळानें ती वाट पाण्याखालीं गेलेली आम्हीं वरून पाहिली, तेव्हां माझ्या पायांत कांपरें भरलें.

त्या बाईनें सांगितलेली रीत कोंकणांत घरोघरीं ठाऊक आहे. तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. तितके वाजतां भरती पूर्ण होते. चतुर्थीस ३ वाजतां, अष्टमीस ६ वाजतां. दिवसा तशीच रात्रीं. तेथून सुमारें ६ तासांनीं पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येतो, म्हणून भरतीहि तितकीच मागें सरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. ही रीत ढोबळ आहे. बंदरोबंदर थोडा फरक पडतो. तेव्हां हिशेब करून वर गांवच्या कोळ्यास विचारावें.

दुसरी गोष्ट उताराची. गणपतिपुळ्याचा किनारा अति देखणा. परंतु तेथें खोली एकाएकीं वाढते व बुडण्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. तेथें देवदर्शन करावें, सूर्यास्त पाहावा, पाणी पायांपुरतेंच घ्यावें. दिवेआगरचा किनारा सपाट व लांबलचक आहे. लहान मुलांस वाळूंत खेळावयास तो अधिक बरा.

तथापि केवळ सपाटपणावर विसंबूं नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुड-जंजिऱ्याच्या समुद्रांत पुण्याहून सहलीस गेलेले १४ विद्यार्थी-विद्यार्थिनी बुडाले. पावसाळा नव्हता. ज्यांच्या घरून मुलें सहलीस जातात, त्या प्रत्येकानें ही तारीख ध्यानांत ठेवावी.

तिसरी गोष्ट प्रवाहाची. लाटांनीं काठावर आणलेलें पाणी पुष्कळदां एखाद्या अरुंद पट्ट्यानें आंत परततें. त्या पट्ट्यांत लाटा फारशा फुटत नाहींत, म्हणून तोच भाग शांत भासतो आणि विहिरींत पोहणें शिकलेला घाटावरचा मनुष्य नेमका तेथें उतरतो. त्यांत कोणी सांपडल्यास त्यानें किनाऱ्याकडे झगडूं नये. काठास समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावें. नदीच्या मुखाशीं तर उतरूंच नये. देवबागेस कर्ली नदी समुद्रास मिळते. तें दृश्य मनोहर आहे, पण तें नावेंतून पाहावयाचें.

एवढें जाणल्यावर निवड सोपी होते. अलिबागेस ओहोटीची वेळ साधावी व कुलाब्याच्या किल्ल्यांत पायीं जाऊन भरतीपूर्वीं परतावें. मालवणास सिंधुदुर्ग पाहावा. कासवांची पिलें समुद्राकडे जातांना पाहावयाचीं असल्यास वसंताच्या सुमारास वेळासेस जावें. पावसाळ्यांत मात्र कोणत्याहि किनाऱ्यावर पाण्यांत पाऊल घालूं नये.

आतां शेजारी "चांगला किनारा कोणता?" असें विचारतात, तेव्हां मीं त्यांना उलट विचारावें, "जाणार कोणत्या तिथीस?" असें ठरविलें आहे. उत्तर आलें नाहीं, तर भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्यांच्या हातीं देतों. किनारा त्यानंतर निवडावा.