नव्या सर्व्हरवरची जुनी छपाई

पुण्याच्या सदाशिव पेठेत औषधांच्या घाऊक व्यापाराच्या ज्या पेढ्या आहेत, त्यांतील पुष्कळ ठिकाणी सायंकाळच्या गर्दीत, माणसांच्या बोलण्याच्याही वर, एक करकरीत आणि अखंड चाललेला आवाज कानी पडतो, तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा. लेसरचे आणि शाईचे प्रिंटर बाजारात येऊन चाळीसहून अधिक वर्षे लोटली, तरी बिल, चलन, बिल्टी, वजनकाट्याची पावती आणि बँकेचे पासबुक या कामांवरून हे यंत्र हटलेले नाही. त्याचे कारण व्यापाऱ्याच्या काटकसरीत शोधणे हा त्याच्यावर अन्याय होईल. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील ४८वा नियम मालाच्या बिलाच्या तीन प्रती मागतो : अस्सल प्रत ग्राहकाची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी विक्रेत्याच्या दफ्तराची. कार्बन घातलेल्या तीन कागदांवर एकाच ठोक्यात तिन्ही प्रती उमटवण्याचे सामर्थ्य केवळ आघात करणाऱ्या यंत्रातच असते. लेसर प्रिंटर कागदावर भुकटी वितळवतो, शाईचा प्रिंटर थेंब उडवतो. ठोका दोघेही देत नाहीत, म्हणून त्यांच्या छपाईत खालचे कागद कोरे राहतात. शिवाय एकाच आघातातून निघालेल्या तीन प्रतींत रकमेचा फरक संभवतच नाही, आणि ज्यांनी जमाखर्चाच्या तंट्यात नकलेला नक्कल जुळवून पाहिली आहे, त्यांना या गुणाची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

या यंत्राची रचना इतकी सरळ आहे, की तिच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. हेडमध्ये नऊ पिना एकाखाली एक उभ्या असतात, प्रत्येक पिनेमागे एक विद्युच्चुंबक असतो, आणि हेड डावीकडून उजवीकडे सरकत असताना ज्या क्षणी ज्या पिनेला हुकूम मिळतो त्या क्षणी ती रिबनवर आपटून कागदावर एक ठिपका सोडते. अशा ठिपक्यांच्या उभ्या ओळींतून अक्षर सिद्ध होते. अधिक सुबक अक्षरासाठी २४ पिनांचे हेड निघाले, परंतु बिलाच्या कामाला नऊ पिना पुरतात. १९७० साली अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने आपला १०१ क्रमांकाचा प्रिंटर बाजारात आणला. त्याला लावलेला ३६ टोकांचा जोड हा वँग कंपनीकडे शिल्लक पडलेल्या मालातून घेतला होता, आणि तोच पुढे जगभरच्या प्रिंटरांच्या पाठीवर शिरस्ता म्हणून कायम झाला. १९८० साली जपानच्या एप्सनने एमएक्स-८० हे यंत्र काढले, त्यातले झिजलेले हेड वापरणाऱ्याला स्वतःच बदलता येई. आणि आयबीएमने १९८१ साली आपल्या पहिल्या पीसीबरोबर जो प्रिंटर विकला तो याच यंत्रावर आपले नाव घालून विकला. आपल्याकडे टीव्हीएसची एमएसपी मालिका, विप्रोच्या परंपरेतून आलेले वेपचे प्रिंटर आणि एप्सनचे एलएक्स यांनी हिशेबनिसांची टेबले व्यापली. त्यांतील अनेक यंत्रे आजही, हेड नि रिबन बदलत, चालू आहेत.

एवढ्या दीर्घ सेवेनंतर हे यंत्र थांबते, तेव्हा बहुधा त्यात बिघाड झालेला नसतो. पेढीचा सर्व्हर बदललेला असतो. विंडोज सर्व्हर २००३ची देखभाल १४ जुलै २०१५ रोजी संपली, २००८ आर-टूची १४ जानेवारी २०२० रोजी. सुरक्षेची तरतूद संपलेल्या यंत्रावर पेढीची खतावणी ठेवणे शहाणपणाचे नव्हते, तेव्हा नवा सर्व्हर येणे क्रमप्राप्तच होते. शनिवारी रात्री जुनी यंत्रणा बंद करून रविवारी नवी उभी करायची आणि सोमवारी सकाळी दुकान उघडायचे, असा बेत सहसा असतो. पण सोमवारी बिले निघत नाहीत, निघाली तर मुंगीच्या पावलांनी निघतात, नाहीतर एका बिलामागे एक फॉर्म कोरा जातो. दारात डिलिव्हरीची मुले खोळंबलेली असतात, आणि मालकांचा प्रश्न एकच असतो : काल चालणारा प्रिंटर आज कसा बिघडला?

या प्रश्नाचे उत्तर अक्षर आणि चित्र यांच्या भेदात आहे, आणि माझ्या मते हा भेद ज्याला उमगला त्याला दुरुस्तीचा निम्मा मार्ग सापडला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या स्मृतीत इंग्रजी अक्षरांचे आकार कायमचे कोरलेले असतात. त्याला ‘ए’ हवा असेल तर ‘ए’चा एक अंक पाठवला की पुरे, ठिपके कोठे मारायचे हे तो स्वतः जाणतो. फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेला डॉसच्या काळातील हिशेबाचा प्रोग्राम हेच करी : अक्षरांचे अंक तो थेट एलपीटी-वन या पॅरलल पोर्टावर सोडी, मधूनमधून अक्षर बारीक कर, पान सोड असे एप्सनच्या भाषेतील हुकूम देई, आणि एक संपूर्ण बिल काही हजार बाइटांत आटोपे. विंडोजला मात्र कागद हे चित्र वाटते. ते अक्षरे स्वतः रेखाटते आणि त्या रेखाटनाचे ठिपके ओळीओळीने प्रिंटरकडे धाडते. प्रिंटर बिचारा तेही इमानाने छापतो, परंतु ज्या ओळीवरून हेड एकदा फिरले असते तिच्यावरून आता अनेकदा फिरते, आणि अक्षर वाचायला अधिक चांगले होते असेही नाही.

जुन्या सर्व्हरवर ही अडचण कोणीतरी केव्हातरी सोडवलेली असते; ती तजवीज लिहून मात्र ठेवलेली नसते. २००८ आर-टूपासून पुढचे सर्व विंडोज सर्व्हर ६४ बिटांचेच आहेत आणि त्यांवर डॉसचा प्रोग्राम चालत नाही, म्हणून तो एखाद्या ३२ बिटांच्या आभासी यंत्रात हलवावा लागतो. आणि विंडोज सर्व्हरमधील हायपर-व्ही या सोयीने उभारलेल्या आभासी यंत्राला पॅरलल पोर्ट देताच येत नाही. नव्या सर्व्हरच्या पाठीवरही तो पोर्ट क्वचितच असतो. बाजारात यूएसबीला पॅरलल जोडणारी केबल मिळते, पण तिने उत्पन्न केलेला पोर्ट एलपीटी-वन या नावाने ओळखला जात नाही, आणि जुन्या प्रोग्रामला दुसरे नावच ठाऊक नसते. मग जाणकार इंजिनिअर प्रिंटर नेटवर्कवर शेअर करतो, ‘नेट यूज’ हा हुकूम देऊन एलपीटी-वनवर पडणारा सारा मजकूर त्या शेअरकडे वळवतो, आणि प्रिंटरला ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ हा ड्रायव्हर लावतो, जो अक्षराचे चित्र करीत नाही. ज्या पेढीत कारकून रिमोट डेस्कटॉपवरून सर्व्हरवर काम करतात तेथे ‘ईझी प्रिंट’ नावाची सोय आपोआप मध्ये येते; ती प्रत्येक कागदाचे चित्रच करते, म्हणून ती बंद करून प्रिंटरचा स्वतःचा ड्रायव्हर आणि त्यातील ‘ड्राफ्ट’ किंवा ‘रोमन’ हे अंगभूत टाइप निवडले, की काल जे बिल रेंगाळत होते ते पूर्वीच्याच वेगाने उतरू लागते. टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्येही छपाईचा असा स्वतंत्र डॉट मॅट्रिक्स प्रकार आहे. तो मूळ स्वरूपात नव्या सर्व्हरवर निवडलेला नसतो, एवढेच.

कोऱ्या जाणाऱ्या फॉर्मचे रहस्य निराळे आहे. आपल्याकडचा ८० कॉलमी अखंड कागद १० इंच रुंद आणि १२ इंच लांब असतो, आणि लहान बिलासाठी त्याचा निम्मा, म्हणजे सहा इंचांचा फॉर्म वापरतात. हे माप विंडोजला जन्मतः ठाऊक नसते. प्रिंट सर्व्हरच्या ‘फॉर्म्स’ या कप्प्यात कोणीतरी ते एकदा नोंदवलेले असते, आणि जुन्या सर्व्हरबरोबर ती नोंदही जाते. नवा सर्व्हर ए-फोर गृहीत धरतो. ए-फोरची लांबी ११.६९ इंच, सहा-सहा इंचांचे दोन फॉर्म मिळून १२, तेव्हा प्रत्येक बिलामागे एक फॉर्म कोरा जातो आणि पुढचे बिल ०.३१ इंच वर सरकून सुरू होते. चौथ्या-पाचव्या बिलापर्यंत पेढीचे नाव छिद्रांच्या रेघेवर येते, ग्राहकाचे नाव नावाच्या चौकटीबाहेर. कारकून दर वेळी कागद हाताने सरकवून जुळवतो आणि कागद ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या दातांना दोष देतो. कप्प्यात एकदा १० बाय ६चे माप घातले की हा सारा खटाटोप संपतो.

आणि जेथे कारण दिसत नाही तेथे यंत्रालाच साक्षीला बोलावता येते. एप्सनच्या एलएक्स जातीच्या प्रिंटरची समोरची ठरावीक दोन बटणे दाबून धरून तो चालू केला, तर तो आलेला मजकूर न छापता त्याचे अंक छापतो. आरंभी १बी ४० दिसले तर प्रोग्रामने प्रिंटरला मूळ स्थितीत येण्यास सांगितले. ०एफ म्हणजे अक्षर दाटून बसवण्याचा हुकूम. ०सी म्हणजे पान सोड. ओळीओळींत दुप्पट अंतर पडत असेल तर ओळीच्या शेवटी ०डी आणि ०ए हे दोन्ही हुकूम येत आहेत का पाहावे. येत असतील, तर प्रिंटरचा स्वतःहून ओळ बदलण्याचा पर्याय बंद केला पाहिजे, कारण ओळ दोनदा बदलली जात आहे. मला या कागदाइतका प्रामाणिक दस्तऐवज संगणकाच्या साऱ्या कारभारात दुसरा ठाऊक नाही. सॉफ्टवेअरवाला प्रिंटरकडे बोट दाखवतो, प्रिंटरवाला सॉफ्टवेअरकडे. त्या दोघांमध्ये हा कागद ठेवला की वाद मिटतो.

या तपासात कधीकधी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. रुपयाचे चिन्ह भारत सरकारने २०१० साली स्वीकारले. प्रिंटरच्या स्मृतीतील अक्षरांचे ४३७ क्रमांकाचे कोष्टक त्याच्या कितीतरी आधीचे. नवा प्रोग्राम हे चिन्ह यूटीएफ-८ रीतीने तीन बाइटांत पाठवतो, आणि प्रिंटर त्या तिन्हींचा आपल्या कोष्टकाप्रमाणे अर्थ लावून रकमेच्या आधी ग्रीक गॅमा, डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ई’ आणि दुहेरी रेघांच्या चौकटीचा एक सांधा छापतो. अशा ठिकाणी इंग्रजीतील ‘आरएस’ ही दोन अक्षरे घालणे हाच सुज्ञ उपाय होय.

मराठीचा प्रश्न याहून जुना आणि अवघड आहे, कारण सामान्य प्रिंटरच्या स्मृतीत देवनागरी कधी नव्हतीच. तिच्या बाबतीत अक्षराला आरंभापासून चित्राचाच मार्ग घ्यावा लागला. शिरोरेषा, वरची वेलांटी आणि खालचा उकार नऊ पिनांच्या एका फेरीत मावत नाहीत. पुण्यातील सी-डॅकने, जिची स्थापना १९८८ सालची, जिस्ट तंत्रज्ञानाच्या कार्डाद्वारे डॉसच्या काळात हा मार्ग सुकर केला आणि सरकारी कचेऱ्यांतून व सहकारी संस्थांतून डॉट मॅट्रिक्सवर मराठी याद्या उमटू लागल्या. ते कार्ड आजच्या सर्व्हरमध्ये बसत नाही. युनिकोडमधील मराठी मजकूर विंडोज चित्र करूनच पाठवते, आणि त्या ओळींना वेळ लागतो. म्हणून व्यवहारी पेढ्यांनी निराळी वाट काढली आहे : पेढीचे नाव, पत्ता, अटी आणि रकान्यांची शीर्षके त्या ऑफसेट छापखान्यातून अखंड कागदावर मराठीत आधीच छापून घेतात, आणि प्रिंटरकडे फक्त तारीख, बॅच क्रमांक, नग आणि रक्कम एवढेच सोपवतात.