मैदानावरील जलसा आणि रंगमंचावरचा धूर

कौलारू घराचें एखादें कौल सरकलें म्हणजे दुपारीं छपरांतून जमिनीवर कवडसा पडतो, हें तुम्हांस ठाऊक आहेच. त्या कवडशाच्या वाटेंत उन्हाचा एक तिरपा खांब उभा राहिल्यासारखा दिसतो. परंतु बाजूनें जाणारा प्रकाश आपल्याला कधींच दिसत नाहीं. दिसतात ते त्याच्या मार्गांत तरंगणारे धुळीचे कण. ते कण प्रकाशाला चोहोंकडे उडवितात आणि त्यांतला थोडासा आपल्या डोळ्यांत येतो. हवा अगदीं निर्मळ असेल, तर जमिनीवरचा ठिपका तेवढा दिसेल. खांब नाहींसा होईल. जॉन टिंडल ह्या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत ह्या गोष्टीचा कसून अभ्यास केला, म्हणून तिला टिंडल-परिणाम असें नांव पडलें आहे. रॉक संगीताच्या मोठ्या जलशांत रंगमंचावर जो पांढरा धूर सोडतात, त्याचें मुख्य प्रयोजन ह्या कवडशांतच सांपडतें.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, हा धूर केवळ चमत्कार म्हणून सोडतात. पूर्वीं तसें होतेंही. १८७६ सालीं जर्मनींतील बायरॉइट येथें वाग्नर ह्या संगीतकाराचें चार रात्रींचें संगीतनाट्य झालें, तेव्हां रंगमंचावर खऱ्या वाफेचे लोट सोडले होते. परंतु आजच्या जलशांत रंगीत दिव्यांचे झोत अंधारांत पसरलेले दाखवावयाचे असतात, आणि ते दिसावे म्हणून हवेंत कण असावे लागतात. सारांश, धूर हा दिव्यांचा चाकर होय, ही गोष्ट प्रथम लक्षांत ठेविली पाहिजे.

वस्तुतः हा धूर नव्हेच. कारण तेथें कांहीं जळत नसतें. त्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला सुक्या बर्फाचा. कार्बन डायऑक्साइड वायु गोठवून केलेला हा बर्फ शून्याखालीं सुमारें ७८ अंश सेंटिग्रेड इतका थंड असतो. ऊन पाण्यांत टाकला म्हणजे तो न वितळतां एकदम वायुरूप होतो, आणि त्या थंडीनें पाण्याच्या वाफेचें दाट धुकें बनतें. हा वायु हवेच्या सुमारें दीडपट जड असल्यामुळें तें धुकें गायकांच्या पायांशीं लोळत राहतें. दुसऱ्या प्रकारांत ग्लायकोल किंवा ग्लिसरीन पाण्यांत मिसळून तें मिश्रण तापलेल्या नळींतून पंपानें ढकलतात. बाहेरच्या गार हवेंत येतांच त्या वाफेचे सूक्ष्म थेंब होऊन पांढरे लोट उठतात. तिसरा प्रकार विरळ धुरकटीचा. तिचे थेंब इतके बारीक व विखुरलेले असतात कीं, ती सहसा जाणवत नाहीं. दिव्याचा झोत मात्र स्पष्ट उमटतो.

आतां बंदिस्त नाट्यगृह आणि उघडें मैदान ह्यांतील भेद पाहा. नाट्यगृहांत हवा बहुतेक स्थिर असते. म्हणून थोड्या धुरानें पुष्कळ वेळ काम भागतें. मैदानावर वारा हा धनी असतो. नवी मुंबईंतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१९ सालीं यू-टू ह्या आणि २०२५ सालीं कोल्डप्ले ह्या पथकाचे जलसे झाले. अशा किनाऱ्याजवळच्या ठिकाणीं दुपारपासून समुद्रावरून वारा वाहतो, आणि रात्र पडूं लागली कीं तो मंदावतो किंवा उलटतो. जलशाची वेळही बहुधा हीच. त्यामुळें दुपारचा वारा पाहून मांडलेलीं यंत्रें रात्रीं चुकीच्या जागीं ठरूं शकतात. शिवाय रंगमंच हा तीन बाजूंनीं अडविलेल्या पेटीसारखा असतो. मागून वारा आला कीं, तो पेटीला वळसा घालून पुढच्या अंगास भोंवरा करतो, आणि पुढें गेलेला धूर पुन्हां गायकांवर येतो. वारा जोराचा असला तर धूर क्षणांत उडून जातो. यंत्रावरचा मनुष्य मग आणखी सोडतो. इतक्यांत वारा पडतो, आणि सोडलेला सगळा धूर रंगमंचावर साचतो. ज्याचीं बोटें तारांवर कशीं फिरतात हें पाहण्यासाठीं लोक लांबून आले, तो वादकच दिसेनासा होतो.

दिव्यांची दिशा चुकली तर हा दोष दुणावतो. पावसाळ्यांत खंडाळ्याच्या घाटांतून मोटार नेणारास हें चांगलें ठाऊक असतें. धुक्यांत मोठे दिवे लावले कीं, उजेड धुक्यावर आदळून त्याच्याच डोळ्यांत परत येतो व रस्ता अधिकच लोपतो. रंगमंचावरही धूर दाट असतां समोरून प्रखर दिवा सोडला, तर पांढरा पडदा तेवढा उभा राहतो. मागून किंवा बाजूनें येणारा झोत त्याच धुरांत शोभून दिसतो. सूर्य मावळण्यापूर्वीं तर धूर सोडण्यांत कांहींच अर्थ नाहीं. कारण दिवसाच्या उजेडांत झोत दिसत नाहीं, धूरच दिसतो.

हा प्रश्न केवळ डोळ्यांचा नाहीं. गायकाला श्वास खोल घ्यावा लागतो, आणि यंत्राच्या तोंडाशीं तोच उभा असतो. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवरील नटांची एक पाहणी २००० सालीं प्रसिद्ध झाली. ग्लायकोलच्या दाट धुरांत सांपडणाऱ्या नटांस श्वसनमार्गाच्या जळजळीचा त्रास अधिक होतो, असें तींत आढळून आलें.

ह्याहूनही गंभीर गोष्ट निराळी आहे. २० फेब्रुवारी २००३ रोजीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत, वेस्ट वॉरविक येथील एका बंदिस्त जलसागृहांत रंगमंचावर आतषबाजी केली. तिच्या ठिणग्यांनीं भिंतीवरचा फोम पेटला, आणि त्या आगींत १०० माणसें प्राणांस मुकलीं. पहिल्या क्षणीं कांहीं प्रेक्षकांस त्या ज्वाळा कार्यक्रमाचाच भाग वाटल्या होत्या. मैदानावर पळावयास वाट अधिक असते हें खरें. परंतु जेथें रंगमंच सदा धुरानें भरलेला, तेथें खरा धूर निघाला तर तो ओळखावयाचा कोणी व कसा?

मग धूर अजिबात वर्ज्य करावा काय? तसें नाहीं. मैदानावर दाट लोटांऐवजीं विरळ धुरकटी वापरावी. यंत्रें रंगमंचाच्या दोन्ही अंगांस ठेवून, वारा ज्या अंगानें येईल त्या अंगाचेंच यंत्र चालवावें. दाट लोट एखाद्या ठराविक प्रसंगापुरता राखून ठेवावा, आणि यंत्रावरच्या मनुष्यानें घड्याळापेक्षां वाऱ्याकडे लक्ष द्यावें. वारा मुळींच ऐकत नसेल, तर धुराचा नाद सोडावा. ५ एप्रिल १९८६ रोजीं अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं जाँ-मिशेल जार ह्या फ्रेंच संगीतकाराचा प्रचंड जलसा उघड्यावर झाला. त्या वेळीं शहरांतील उत्तुंग इमारतींनाच पडदा करून त्यांवर चित्रें टाकलीं होतीं. प्रकाशाला टेकावयास कांहीं तरी हवें. तें धुराचेंच असलें पाहिजे असें नाहीं.

शेवटीं तुमच्या उपयोगाची एक गोष्ट. स्नेहसंमेलनाच्या नाटकांत स्वर्गाचा किंवा स्वप्नाचा प्रवेश आला कीं, कोणी तरी सुका बर्फ आणण्याची सूचना करतोच. सुका बर्फ उघड्या हातानें धरूं नये; कातडी भाजल्यासारखी होते. बंद खोलींत किंवा खोलगट जागीं तर तो कदापि वापरूं नये. कारण त्याचा वायु खालीं सांचून श्वासाची हवा हटवितो. २०२० सालीं मॉस्को येथें एका समारंभांत बंदिस्त जलतरण-तलावांत सुका बर्फ ओतला, तेव्हां तीन माणसें मृत्यु पावलीं. म्हणून हें काम जाणत्या वडील माणसांवर सोंपवावें, दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि धुराची चांचणी आदल्या दिवशीं, नाटकाच्या नेमक्या वेळीं घ्यावी. त्या वेळीं शेवटच्या बांकावर बसून पाहावें. तेथून नटांचे चेहरे दिसत असतील, तर धूर पुरेसा झाला असें समजावें.