तहानंतरचें युद्ध
(नभोवाणीवरील भाषण)

घरांत काचेचा पेला हातांतून निसटून फुटला म्हणजे काय होतें, हें आपणां सर्वांना ठाऊक आहे. घाईत असलेला मनुष्य वहाणेनें चार तुकडे बाजूला सारतो आणि वाट काढून निघून जातो. त्याचें तेवढ्यानें भागतें. परंतु घरांत रांगतें मूल असलें, तर घरांतील वडील स्त्री प्रथम त्याला उचलून दुसऱ्या खोलींत नेऊन ठेवते. मग सारी जमीन झाडून काढते, ओल्या फडक्यानें पुसून घेते, दिवा जवळ आणून कोपरे न्याहाळते, आणि नंतरच मुलाला खालीं सोडते. नव्याण्णव तुकडे सांपडले आणि एक राहिला, तर तिच्या दृष्टीनें काम झालेंच नाहीं. वाट काढणें आणि जमीन निर्धोक करणें हीं दोन निराळीं कामें आहेत, एवढेंच मला आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे. फक्त येथें काचेच्या जागीं जमिनींत पुरलेले सुरुंग आहेत, आणि खोलीच्या जागीं देशच्या देश आहेत.

वाट काढण्याच्या कामाचें एक थोर उदाहरण आपल्या घराजवळचें आहे. पुण्यानजीक खडकीला ज्यांचें ठाणें आहे, त्या मुंबई सॅपर्समध्यें सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत हे तरुण अधिकारी होते. १९४१ सालच्या जानेवारीअखेर सुदान व अबिसीनिया यांच्या सीमेवरील मेतेम्मा हें ठाणें हस्तगत झालें, आणि माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याचा पाठलाग सुरू झाला. रस्ता सुरुंगांनीं पेरलेला होता. भगत सर्वांत पुढच्या गाडींत बसून चार दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सुरुंग हुडकीत पुढें गेले. पंचावन्न मैलांच्या त्या वाटेवर त्यांनीं पंधरा सुरुंगक्षेत्रें शोधून तीं मोकळीं करविलीं. दोन वेळां त्यांची गाडी स्फोटानें उडाली आणि बरोबरचे लोक पडले. एका कानाचा पडदा फाटला. त्यांना विश्रांति देऊं केली असतां, या कामाची माहिती आतां आपणांस अधिक झालेली आहे, तेव्हां तें आपणच पुरें करावें हें बरें, असें सांगून त्यांनीं ती नाकारली. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो यथायोग्यच होता.

परंतु त्या पराक्रमाचा हेतु काय होता, हें पाहावें. सैन्याला वेळेवर पुढें जावयाचें होतें. वेग हीच तेथील किंमत होती, आणि त्या वेगासाठीं कांहीं धोका पत्करणें क्रमप्राप्त होतें. सैन्य एकदां पुढें गेलें, कीं त्याचा त्या भूमीशीं संबंध सुटतो. शेतकऱ्याचा संबंध मात्र तेव्हांच सुरू होतो. तो त्याच भूमींत नांगर घालणार, त्याच्या गाई तेथेंच चरणार, त्याचीं मुलें त्याच झुडुपांत बोरें शोधणार. त्याला दहा हात रुंदीची वाट देऊन चालत नाहीं. त्याला सारी जमीन परत पाहिजे असते, आणि तीही घाईनें नव्हे, तर खात्रीनें.

मुळांत हा सुरुंग असतो तरी कसा? माणसांवर घालावयाचा सुरुंग पुष्कळदां तळहाताहून फारसा मोठा नसतो. प्लॅस्टिकची एक डबी, तींत थोडी स्फोटक दारू, आणि वर दाबली जाणारी तबकडी. कांहीं किलोंचा दाब त्याला पुरतो. लहान मुलाचें पाऊलही पुरतें. पुष्कळ सुरुंगांचा उद्देश माणूस ठार करण्याचा नसून त्याचा पाय तोडण्याचा असतो. कारण मेलेल्या शिपायाला मागें टाकून सैन्य पुढें जाऊं शकतें, जखमी शिपायाला मात्र दोघांनीं उचलून न्यावें लागतें. हा हिशेब करणाऱ्यांनीं शिपायाचा हिशेब केला. परंतु सुरुंगाला शिपाई आणि पाणक्याची पोर यांतील भेद कळत नाहीं, आणि तह झाल्याचेंही कळत नाहीं. तोफ उडविणारा घरीं गेला म्हणजे तोफ मुकी होते. सुरुंगाला कोणी उडविणारा लागत नाहीं. तो वीस वर्षें, तीस वर्षें जागा राहतो. पावसाच्या लोंढ्यानें तो जागाही बदलतो, आणि पेरणाऱ्यानें नकाशा काढून ठेविला असला, तरी तो नकाशा त्या दिवसापासून खोटा ठरतो.

हें सारें एका देशाच्या हकीकतींत नीट दिसतें, म्हणून आपण मोझांबिककडे वळूं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील हा देश आपणांस अगदींच परका नाहीं. १७५२ सालापर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखालीं चालत असे. आणि ज्या शहराला आज मापुतो म्हणतात, त्याचें लोरेन्सो मार्किश हें जुनें नांव गोव्यांतील कित्येक घरांतून अद्यापि आठवणीनें घेतलें जातें. तेथें १९६४ सालीं पोर्तुगीज सत्तेविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालें. पोर्तुगीजांनीं टांझानियाच्या सीमेवर सुरुंग पेरले, झांबेझी नदीवरील काहोरा बासाच्या प्रचंड धरणाभोंवतीं सुरुंगांचें कडें घातलें. १९७५ सालीं देश स्वतंत्र झाला, तोंच १९७७ पासून सरकार आणि बंडखोर यांच्यांत यादवी माजली. तेव्हां विजेचे मनोरे, रेल्वेचे पूल, पाणवठे, गांवांच्या सीमा, जें जें राखावयाचें आणि जें जें दुसऱ्यास मिळूं द्यावयाचें नाहीं, त्या त्या ठिकाणीं सुरुंग घातले गेले. ऱ्होडेशियाच्या सैन्यानें आपल्या बाजूच्या सीमेवर घातले ते निराळेच. शेवटीं ४ ऑक्टोबर १९९२ रोजीं रोम शहरीं तहावर सह्या झाल्या, आणि शेजारच्या देशांत पळून गेलेले सुमारे सतरा लाख निर्वासित घराकडे परतूं लागले.

पण घर म्हणजे कोठें? ज्या शेतांत पाऊल टाकण्याची भीति, तें शेत असून नसल्यासारखें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. एकाद्या माळावर तीनच सुरुंग असले, तरी सारा माळ ओसाड पडतो. कारण ते तीन कोठें आहेत, हें कोणालाच माहीत नसतें. किंबहुना एकही सुरुंग नसला आणि नुसता वहीम असला, तरी परिणाम तोच. म्हणून या कामाची पहिली पायरी खणण्याची नसून विचारपूस करण्याची आहे. पाणी आणणाऱ्या बायका कोणती वाट टाळतात? गुराख्याची गाय कोठें मेली? तळ ठोकून राहिलेले शिपाई रात्रीं कोणत्या बाजूस जात नसत? या चौकशीनें कोठें शोधावयाचें हें ठरतें, आणि तितकेंच महत्त्वाचें म्हणजे, कोठें शोधण्याचें कारण नाहीं हेंही ठरतें. मोझांबिकमध्यें वीस लाख सुरुंग आहेत, असा आंकडा प्रथम सर्वत्र फिरत होता. प्रत्यक्षांत ते त्याच्या लहानशा अंशाइतकेच निघाले. चौकशी जसजशी नेटकी झाली, तसतशी कितीतरी भूमि कुदळ न लावतां लोकांना परत करतां आली.

आतां प्रत्यक्ष काम. वहिमाच्या जागेवर एक मीटर रुंदीच्या पट्ट्या आंखतात, आणि एका पट्टींत एकच माणूस काम करतो. म्हणजे दुर्दैवानें स्फोट झालाच, तर दुसरा कोणी सांपडूं नये. त्याच्या अंगावर जाड संरक्षक कवच असतें, तोंडावर पारदर्शक पडदा असतो. तो गुडघ्यांवर बसतो, गवत हळूच कापतो, तारा ताणलेल्या आहेत कीं काय तें पाहतो, आणि मग धातुशोधक यंत्र जमिनीवरून फिरवितो. यंत्र वाजलें, कीं ती जागा खुणेनें बांधून घेतो, आणि थोड्या अंतरावरून तिरकस सळई खुपशीत, माती बोटानें काढीत पुढें सरकतो. तिरकस एवढ्याचसाठीं, कीं सुरुंगाची दाबली जाणारी बाजू वर असते. त्याच्या कुशीला सळई लागली, तर तो बहुधा उडत नाहीं. अशा रीतीनें शेंकडों वेळां खणल्यावर हातीं काय येतें? खिळा, काडतुसाची टोपी, डब्याचें झांकण. आणि एकदां केव्हां तरी सुरुंग. प्रत्येक खिळ्यासाठीं तितकीच सावधगिरी बाळगावी लागते, कारण खणतांना तो खिळा आहे हें माहीत नसतें. दिवसभराच्या श्रमानें कित्येकदां एका दिवाणखान्याएवढीच जागा मोकळी होते. सांपडलेला सुरुंग सहसा हालवीत नाहींत. त्याच्या शेजारीं दारू ठेवून सर्वांनीं दूर जावयाचें आणि तेथेंच त्याचा नाश करावयाचा. मग दुसरे लोक येऊन त्याच जमिनीची फेरतपासणी करतात. ज्यानें झाडलें, त्यानेंच स्वच्छतेचा दाखला द्यावयाचा नाहीं, असा या कामाचा दंडक आहे.

या कामांत माणसाला एक अनपेक्षित साहाय्यक मिळाला आहे. आपल्याकडे गणपतीच्या पायाशीं बसणारा उंदीर धान्याच्या कोठारांत शिरला, कीं आपण त्याच्यामागें काठी घेऊन लागतों. परंतु टांझानियांतील मोरोगोरो येथें अपोपो नांवाची संस्था आफ्रिकेंतील एका मोठ्या जातीच्या उंदरांना स्फोटक दारूचा वास ओळखण्यास शिकविते. हा उंदीर मांजराएवढा लांब दिसला, तरी वजनानें किलो-दीड किलोच भरतो, त्यामुळें त्याच्या पायाखालीं सुरुंग उडत नाहीं. वास आला, कीं तो जमीन खरवडतो, आणि त्याबद्दल त्याला केळ्याचा तुकडा मिळतो. खिळे आणि डबे यांच्याशीं त्याला कर्तव्य नसतें. म्हणून यंत्र घेतलेल्या माणसाला ज्या जागेसाठीं चार दिवसही लागतील, तेवढें टेनिसचें मैदान तो अर्ध्या तासांत हुंगून काढतो. मोझांबिकमध्यें या उंदरांनीं काम केलें. पुढें कंबोडियांत मगावा नांवाच्या उंदरानें शंभरांहून अधिक सुरुंग व न फुटलेले गोळे दाखवून दिले, आणि २०२० सालीं त्याला इंग्लंडांतील एका प्राणिसंस्थेनें शौर्याचें सुवर्णपदक दिलें.

अशा रीतीनें वर्षामागून वर्षें काम चाललें. हॅलो ट्रस्ट या एकट्या संस्थेनें मोझांबिकमध्यें एक लाख एकाहत्तर हजारांहून अधिक सुरुंग नष्ट केले, आणि तिच्या हाताखालीं काम करणारे बहुतेक लोक त्याच देशाचे होते. शेवटचा ज्ञात सुरुंग देशाच्या मध्यभागीं एका रेल्वेपुलाच्या पायथ्याशीं उडविला गेला. आणि १७ सप्टेंबर २०१५ रोजीं मोझांबिक सुरुंगमुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. २०१७ पासून त्याच्या उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतांत पुन्हां हिंसाचार उसळला, ही दुःखाची गोष्ट खरी. पण त्यामुळें आधीं झालेलें काम खोटें ठरत नाहीं. हें काम पुरें होऊं शकतें, हें त्या देशानें दाखवून दिलें.

सुरुंग बुद्धिपुरस्सर पेरलेला असतो. परंतु न फुटलेला बॉम्बही तोच अनर्थ करतो. लाओस या छोट्या देशावर १९६४ ते १९७३ या काळांत अमेरिकन विमानांनीं वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांत चेंडूएवढ्या लहान बॉम्बांची संख्या सुमारें सत्तावीस कोटि होती, आणि त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा फुटलाच नाहीं. मुलाला तो चेंडू वाटतो. भंगार वेंचणाऱ्या गरिबाला तें पैशाचें लोखंड वाटतें. पन्नास वर्षांपूर्वींच्या युद्धांत आजचीं मुलें जखमी होतात, तीं अशीं.

हे सुरुंग पेरूंच नयेत, असा करार १९९७ सालच्या डिसेंबरांत कॅनडांतील ओटावा येथें सह्यांसाठीं मांडला गेला. त्यासाठीं झटणारी चळवळ आणि तिच्या प्रमुख जोडी विल्यम्स यांना त्याच वर्षीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. १६० हून अधिक राष्ट्रांनीं तो मान्य केला. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान यांनीं केला नाहीं, आणि आपल्या देशानेंही केलेला नाहीं. लांबच लांब भूसीमा राखण्यास दुसरें साधन हातीं येईपर्यंत सुरुंग सोडतां येत नाहींत, असें सेनापति म्हणतात. आणि तें म्हणणें अगदींच पोकळ आहे, असें घरांत सुरक्षित बसून म्हणणें बरें नव्हे. युक्रेनवरील रशियाचें आक्रमण पाहून एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड व पोलंड यांनीं २०२५ सालीं या करारांतून बाहेर पडण्याचें ठरविलें, तेंही याच भीतीनें. परंतु हिशेब पुरा मांडावा. संसदेवरील हल्ल्यानंतर २००१-०२ सालीं आपल्या पश्चिम सीमेवर शेतांतून सुरुंग पेरले गेले. लढाई झाली नाहीं. तरीही ते सुरुंग पेरतांना आणि काढतांना आपल्याच जवानांचे प्राण गेले, आणि सीमेवरील शेतकऱ्यांचे हंगाम बुडाले. सीमा राखण्याची ही किंमत कोणी मोजली, हेंही त्या हिशेबांत लिहिलें गेलें पाहिजे.

श्रोतेहो, इतिहासाच्या पुस्तकांत मोझांबिकमधील यादवीचा शेवट १९९२ सालीं झाला, असें छापलेलें आढळेल. तह करणाऱ्यांच्या दृष्टीनें तें बरोबर आहे. पण ज्या बाईला आपल्या मुलाला त्या पुलाखालच्या नदीवर एकटें पाठवावयाचें होतें, तिच्या दृष्टीनें तो शेवट २०१५ सालीं झाला. मधलीं तेवीस वर्षें कोणी तरी गुडघ्यांवर बसून बोटाबोटानें माती काढीत होतें. यापुढें एकाद्या दूरच्या देशांत शस्त्रसंधि झाल्याचें वर्तमानपत्रांत वाचाल, तेव्हां आनंद अवश्य माना; आणि तेथील जमीन झाडावयास कोण बसलें आहे, त्याला पैसा कोण पुरवीत आहे, हेंही पुढच्या कांहीं वर्षांच्या वर्तमानपत्रांत शोधीत जा.