तिसऱ्या वर्षीच ठरते शाळा

आळंदीत मूल कुठल्या शाळेत जाणार, हे त्याच्या सहाव्या नाही, तिसऱ्या वर्षी ठरतं. गेल्या पंधरा वर्षांकडे मागे वळून पाहिलं की सगळा गुंता इथेच सापडतो. सरकारी शाळा सुरू व्हायची पहिलीपासून. त्याआधी अंगणवाडी, पण १९७५ साली सुरू झालेल्या या योजनेचं नाव काढलं की पालकांना खाऊ, लस आणि वजनकाटा आठवायचा, शिकणं नाही. खासगी नर्सरीने ही मोकळी जागा बरोबर हेरली.

चाकण, मरकळ, भोसरीच्या कंपन्यांसाठी मराठवाडा-विदर्भातून आलेली जोडपी इथे भाड्याने राहतात. आजी गावाकडे. थर्ड शिफ्ट करून आलेला बाप अंथरुणाला टेकलेला, आई कामावर निघायच्या घाईत. अशा घराला दारात येणारी व्हॅन हवी असते, मग माध्यम कुठलंही असो. गळ्यात तुळशीची माळ घातलेला बाप टाय लावलेल्या पोराला व्हॅनमध्ये बसवतो, हे इथलं रोजचंच. जिल्हा परिषद शाळांतही २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे, हे सांगून उपयोग नसायचा. नर्सरीत तीन वर्षं घालवलेलं मूल पहिलीला सरकारी शाळेत परत येणं विरळाच.

शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांनी आशा दाखवली. पण सरकार पैसे देणार पहिलीपासूनचे. नर्सरीची फी घरचीच. शिवाय अर्जासाठी भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार लागायचा. खोलीमालक तोंडी व्यवहारावर खूश, नोंदणीचं नाव काढलं की 'पुढच्या महिन्यात बघू'. प्रवेशाच्या लॉटरीच्या आधीच कितीतरी अर्ज असे बाद व्हायचे.

करोनात पगार थांबले, मोबाइलवरच्या वर्गाची फी मात्र चालू राहिली. देशभरच्या खेड्यांत सहा ते चौदा वयाच्या मुलांचं सरकारी शाळांतलं प्रमाण 'असर' या शैक्षणिक पाहणीत २०१८च्या ६५.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ७२.९वर गेलं आणि २०२४ मध्ये परत ६६.८वर आलं. म्हणजे सरकारी शाळा आवडली नव्हती, परवडली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला नियमात दुरुस्ती करून २५ टक्क्यांतून सूट दिली. आळंदीसारख्या दाटीच्या गावात त्यातून काय उरलं असतं? जुलैत उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, हे बरंच झालं.

मग २०२५ मध्ये आपल्याच खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले तेव्हा पट अवघा तिघांचा होता. आता 'सरकारी शाळेत काय शिकवतात' असं तालुक्यात कुणी सहज म्हणत नाही. पण आळंदीतली खोली आणि मरकळची नोकरी सोडून जालिंदरनगरला कोण जाणार? उत्तर इथेच शोधायला हवं. नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा मानलाय. अंगणवाडी मात्र अजून महिला व बालविकासकडे, शाळा शिक्षण खात्याकडे. नगरपरिषदेच्या शाळेच्या आवारातच तिसऱ्या वर्षापासूनचे वर्ग भरले आणि फर्स्ट शिफ्ट सुटेपर्यंत उघडे राहिले, तर व्हॅनवाल्याच्या आधी त्या शाळेचा विचार करणारी घरं इथे पुष्कळ आहेत.