करवतीचे व्याकरण

मराठी शिकविणाऱ्या माणसाने यंत्राच्या वाटेस जाऊ नये, असे आमच्या घरातले ठाम मत आहे. ते कसे बनले, ती हकीगत सांगतो. माझी फजिती एखाद्या वाचकाच्या उपयोगी पडली, तर ती वाया गेली नाही असे मी समजेन.

आमचे शेत राळेगाव तालुक्यात. मी नोकरीपायी शहरात. शेती दादा पाहतात. दोन वर्षांमागे मृगाच्या आधी वादळ झाले आणि एक जुनी बाभूळ पांदणीत आडवी पडली. पेरणी आठवड्यावर आली आणि बैलगाडीला वाट उरली नाही. शेजारच्या एका तरुणाकडे पेट्रोलवर चालणारा चेनचा आरा होता. पडलेली झाडे कापून देणे, हाच त्याचा उदरनिर्वाह. आराही कर्ज काढून घेतलेला. तो तापाने अंथरुणावर होता, तरी त्याने शेजारधर्म म्हणून आरा दिला.

आरा सुरू होई. पण रेस दिली की गुदमरून बंद पडे. मी चष्मा पुसून पाहिले, तो कार्बोरेटरपाशी तीन स्क्रू. एल म्हणजे मंद गतीचे पेट्रोल, एच म्हणजे भरधाव गतीचे आणि तिसरा नुसता चालता ठेवण्याचा, इतके माहितीपुस्तकावरून कळले. एचचा स्क्रू मी आत पिळला. काय सांगावे! यंत्राने असा काही टिपेचा सूर लावला की मी दादांकडे विजयी मुद्रेने पाहिले. लाकडातून मात्र छिलक्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, आणि थोड्या वेळाने कुठेतरी खट्ट झाले. बाभळीत कुंपणाची जुनी तार रुतलेली होती. चेनचे दोन दात गेले.

दुसऱ्या दिवशी मी यवतमाळला गेलो आणि ‘अठरा इंची चेन द्या’ म्हणून ऐटीत चेन घेऊन आलो. ती पट्टीवर बसेचना! शेवटी दादा म्हणाले, “आता तुझी विद्वत्ता पुरे. मिस्त्रीकडे चल.”

राळेगावचे हे मिस्त्री पूर्वी लुना आणि टू-स्ट्रोक स्कूटर दुरुस्त करीत. त्या गाड्या गेल्या. आता कपाशीवर फवारायचे पंप आणि हे आरे त्यांच्याकडे येतात. चेन काढून ठेवून त्यांनी क्षणभर इंजिन चालू केले, कान दिला आणि लगेच बंद केले.

“सर, हे मशीन खुशीनं नाही वरडत जी. उपाशी हाय म्हणून वरडते.”

मग त्यांनी मला धडा दिला. या इंजिनाला वेगळे तेल मिळत नाही. ते पेट्रोलातच मिसळलेले असते. या आऱ्याला लिटरला 20 मिलिलिटर. पेट्रोल तोडले की तेलही तुटते, आणि इंजिन जोरात पळताना आतून कोरडे पडते. धुराड्याच्या भोकातून त्यांनी पिस्टनवरचा बारीक ओरखडा दाखविला. “अजून एक बुंधा कापला असता, त पिस्टन सीज झाला असता.” मला त्या तापकरी पोराचा चेहरा आठवला आणि घाम फुटला.

मूळ दुखणे निराळेच होते. हवेच्या फिल्टरवर भुशाचा थर बसला होता. हवा कोंडली म्हणून आरा गुदमरत होता. मी मात्र त्याचे पेट्रोल तोडले. मिस्त्रींनी फिल्टर धुतला, शिळे पेट्रोल ओतून दिले (आजच्या पेट्रोलातले इथेनॉल दमट हवेतले पाणी ओढून घेते), प्लग पुसला आणि मगच स्क्रूला हात लावला. एल आणि एच हलकेच बंद करून एकेक फेरा उघडले. नवी चेन चढल्यावर इंजिन तापवून एल असा बसविला की रेस देताच ते अडखळू नये. तिसरा इतका सैल केला की मोकळे चालताना चेन फिरू नये. एच असा ठेवला की रिकाम्या रेसला सूर किंचित फुटका यावा आणि लाकडात शिरताच स्वच्छ व्हावा. माहितीपुस्तकातल्या कमाल फेऱ्यांपुढे जायचे नाही, हे त्यांनी दोनदा बजावले.

आणि चेन? वृत्त नुसती अक्षरे मोजून जुळत नाही, गणही जुळावे लागतात, हे मी वर्गात ओरडून सांगतो. इथे मी इंचच मोजले होते! मिस्त्रींनी हातमोजे घालून जुन्या चेनचे लागोपाठ तीन रिव्हेट मोजले: 16.5 मिलिमीटर. त्याचे अर्धे 8.25, तो चेनचा टप्पा. माझ्या नव्या चेनचा 9.5 होता. पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या दातांची जाडी 1.5, आणि त्यांची संख्या 72. हे तिन्ही आकडे जुळले तरच चेन आपली. पुष्कळदा ते पट्टीवर कोरलेले असतात. मी तेवढे सोडून सगळे वाचले होते.

या चेनच्या दातांची गोष्टही मौजेची आहे. 1946 साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने झाडाच्या एका खुंटात भुंग्याची अळी पाहिली. ती जबड्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे लाकूड कुरतडत होती. त्यावरून त्याने डाव्या-उजव्या दातांची चेन बनविली. विद्वानाने पुस्तक पाहिले, त्याने अळी पाहिली!

संध्याकाळी पांदण मोकळी झाली. या वेळी लाकडाचे जाड छिलके उडत होते. आरा परत देताना मी त्या तरुणाला सगळे खरे सांगितले, ओरखड्यासकट. तो काही बोलला नाही. त्याने दोरी ओढली, कान देऊन ऐकले आणि मग हसला. नवी चेन, 4.8 मिलिमीटरची गोल कानस आणि तीन आकड्यांची चिठ्ठी मी त्याच्या पेटीत ठेवली. पेरणी वेळेवर झाली. आमच्या घरातले ते मत मात्र अजून बदललेले नाही.