फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर : माणसांनी भरलेला हॉल

आज हाय-स्पीड सिंकची पाळी होती, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. चेन्नईच्या एग्मोरमधून एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि लग्नसराईच्या तोंडावर तो सगळ्यांच्याच कामाचा आहे.

तिथल्या हॉलमध्ये मराठी लग्न होतं. आदल्या दिवशी फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर होते, तर दुसऱ्या टीमची फ्लॅशगन उडाली की यांचेही फ्लॅश उडायचे. साहजिकच आहे, स्लेव्हला फक्त उजेड कळतो, तो कुणाचा हे कळत नाही. म्हणून मुहूर्ताला रेडिओ ट्रिगर लावले. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये चाचणी चोख झाली आणि अक्षता पडायच्या वेळी नेमका कोपऱ्यातला फ्लॅश मिस व्हायला लागला. बॅटरी नवी होती. मग बिघडलं काय?

आपल्याकडचे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची, आणि पाणी तिला शोषून घेतं. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. अक्षता टाकायला सगळे उठून पुढे सरकले, की ट्रिगर आणि फ्लॅश यांच्यामध्ये पाण्याची भिंतच उभी राहते. शिवाय भारतात हा पट्टा २००५ पासून विनापरवाना खुला आहे, त्यामुळे हॉलचं वाय-फाय आणि पाहुण्यांचे ब्लूटूथ तिथेच गर्दी करतात.

उपाय साधा आहे. स्टँड उंच करा, फ्लॅश पाहुण्यांच्या डोक्यांवरून ट्रिगरला थेट दिसला पाहिजे. खांबाच्या आड ठेवू नका. चॅनल बदलून पाहा. दुसऱ्या टीमकडे तुमच्याच कंपनीचे ट्रिगर असतील तर चॅनल एकच पडू शकतो. गोडॉक्सच्या एक्स सिस्टीमसारखी आयडीची सोय असेल तर वेगळा आयडी लावा. आणि फ्लॅश अगदी जवळ असूनही उडत नसेल तर ट्रिगरच्या मेनूमध्ये अंतराची सेटिंग बघा, काही मॉडेलांत ० ते ३० मीटर असा पर्याय मुद्दाम दिलेला असतो.

एवढ्या कटकटीपेक्षा फ्लॅश कॅमेऱ्यावरच का नको, असंही या वाचकाने विचारलंय. याचं उत्तर एग्मोरमध्येच आहे. तिथल्या सरकारी संग्रहालयातली अमरावतीची शिल्पं लिनियस ट्राइप यांनी १८५८ मध्ये कॅमेऱ्यात उतरवली. तेव्हा फ्लॅश नव्हताच, सारी भिस्त उन्हावर. दगडातला उठाव दिसतो तो बाजूने पडणाऱ्या उजेडामुळे. समोरून उजेड मारला की सावली जाते आणि शिल्प सपाट होतं. नवरीच्या कांजीवरमची जर आणि नथीतले मोतीही तसेच. ते उठून दिसावेत म्हणून तर फ्लॅश बाजूला न्यायचा, आणि त्यासाठी ही तार नसलेली जोडणी मला मोलाची वाटते.

तेव्हा पुढच्या लग्नात चाचणी रिकाम्या हॉलवर उरकू नका. पाहुणे बसल्यावर प्रत्येक फ्लॅश पुन्हा एकदा उडवून बघा, आणि दुसऱ्या टीमशी चॅनल आधीच ठरवून घ्या.